आयटीची नोकरी, ॲपचं काम आणि कंपन्यांची आश्वासनं: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, वैशाली नगर या भागांतल्या ओळखीच्या घरांतून मला हे प्रश्न सतत येतात. कधी मुलं स्वतः विचारतात, बहुतेक वेळा त्यांचे आई-बाबा. मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर कंपन्यांत एचआर आणि पगारपत्रकाचं काम केलं आहे. ऑफर लेटरमधलं कुठलं वाक्य शोभेसाठी असतं आणि कुठलं वकिलाने विचार करून घातलेलं असतं, हे टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं आहे. तीच उत्तरं फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

तुम्ही आयटी कंपन्यांच्या विरोधात आहात का?

नाही. आमच्या लहानपणी इंदूरच्या मराठी घरात नोकरी म्हणजे बँक, एलआयसी, वीज मंडळ, नाहीतर शाळा. आयटीने त्यापलीकडचं दार उघडलं, आणि मुलींसाठी तर फारच मोठं उघडलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, नाकारणार नाही.

पण कंपनीची कृतज्ञता बाळगणं वेगळं आणि कंपनी म्हणेल ते खरं मानणं वेगळं. कुठलाही निर्णय जाहीर झाला की मी एकच गोष्ट शोधते: हे फसलं तर भुर्दंड कोणाला? शेअरहोल्डरला, मोठ्या साहेबाला, की नुकत्याच लागलेल्या पोराला आणि वर्षाची फी भरून बसलेल्या ग्राहकाला? पुढची सगळी उत्तरं याच प्रश्नाच्या आधाराने दिली आहेत.

मुलाचं कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं, ऑफर लेटर हातात आहे. नोकरी पक्की समजायची का?

पेढे वाटा, पण बाकीचे इंटरव्ह्यू थांबवू नका. ऑफर लेटर आणि जॉइनिंग यांच्यामध्ये जी दरी असते, तिच्यात गेल्या काही वर्षांत हजारो मुलं अडकली.

इन्फोसिसने २०२२ च्या बॅचमधल्या अनेक मुलांना ऑफर दिली आणि जॉइनिंगसाठी दोन वर्षांहून जास्त ताटकळत ठेवलं. शेवटी ती रुजू झाली, म्हैसूरच्या कॅम्पसमध्ये ट्रेनिंग सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतल्या ३०० हून अधिक जणांना अंतर्गत परीक्षा पास झाली नाही म्हणून काढलं. हा कंपनीने दिलेला आकडा. पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेच्या म्हणण्यानुसार संख्या ७०० च्या आसपास होती. कंपनी म्हणाली, तीन संधी दिल्या होत्या, नियम आधीपासून होता. नियम असेलही. पण दोन वर्षं घरी बसवून ठेवलेल्या मुलाचा अभ्यास, आत्मविश्वास आणि बाजारातली किंमत या काळात घसरते, त्याचा हिशेब कंपनीच्या कुठल्याच वहीत नसतो.

विप्रोचं उदाहरण त्याआधीचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांच्या पॅकेजची वाट बघणाऱ्या मुलांना कंपनीने विचारलं, साडेतीन लाखांवर लगेच येता का? विचारणा म्हणून विचारणा होती, पण घरी बसलेल्या मुलासमोर पर्याय तरी कुठला होता?

म्हणून ऑफर लेटरमध्ये दोन जागा आधी बघा. जॉइनिंगची तारीख लिहिली आहे की फक्त ‘कंपनीच्या गरजेनुसार कळवू’ असं आहे? ट्रेनिंगमध्ये नापास झाल्यास काय होईल, हे स्पष्ट आहे का? तारीख नसेल तर ती ऑफर म्हणजे इच्छा कळवणारं पत्र आहे. पोराला घरात बसवू नका. आणि कंपनीकडून आलेली प्रत्येक मेल कॉलेजच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या ईमेलवर जपा, कारण कॉलेजचा आयडी पास झाल्यावर बंद होऊ शकतो.

३.६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार हातात येतात ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून आकडे मांडूनच दाखवते.

महिन्याचे ३०,००० धरा. बेसिक १५,००० असेल तर त्यावर कंपनीचा पीएफ १,८००, तोही पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटीसाठी सुमारे ७२०. व्हेरिएबल पे १० टक्के असेल तर ३,०००, ते तिमाहीला किंवा वर्षाला मिळतील, तेही ‘कामगिरीनुसार’. ग्रुप विम्याचा हप्ता समजा ५००. उरले साधारण २३,९८०. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि मध्य प्रदेशातला प्रोफेशनल टॅक्स वजा करा. खात्यात येतात २२,००० च्या आसपास. पुण्यात किंवा बंगलोरमध्ये पोस्टिंग मिळालं तर खोलीभाडं, जेवण आणि बस यात ते संपतात आणि इंदूरहून बाबा पैसे पाठवतात. म्हणजे एका नफ्यातल्या कंपनीच्या पहिल्या वर्षाच्या पगाराला सुदामा नगरातला पेन्शनर हातभार लावतो. मला हे फार लागतं.

ग्रॅच्युइटीचं आणखी एक. ती साधारण पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते. मुलं दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतात. म्हणजे पॅकेजमध्ये दाखवलेले ते पैसे बहुतेकांना कधी दिसतच नाहीत. नव्या कामगार संहितांनी, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांनी, ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. मुलाची नेमणूक कुठल्या प्रकारची आहे ते पत्रात तपासा.

मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचं हे तीन ते साडेतीन लाखांचं पॅकेज दहा वर्षांहून जास्त काळ जवळपास तिथेच आहे. या काळात पोह्यांपासून पेट्रोलपर्यंत सगळं कुठल्या कुठे गेलं. इन्फोसिसच्या सीईओंना २०२४-२५ या वर्षात मिळालेला मोबदला ८० कोटींच्या वर होता. त्यांची पात्रता मी मोजत नाही. पण ‘बाजाराचा दरच असा आहे’ हे वाक्य फक्त खालच्या पायरीवरच का ऐकू येतं, हे विचारायला हवं.

दोन वर्षांचा बाँड आहे. मोडला तर पोलिस घरी येतील का?

पोलिसांचा यात संबंध नाही. हा दिवाणी मामला आहे. एचआरमधलं कोणी फोनवर ‘एफआयआर करू’ म्हणत असेल तर ती धमकी समजा आणि तेच ईमेलवर लिहून द्यायला सांगा. बहुधा येणार नाही.

मात्र ‘बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो’ असं जे मुलं एकमेकांना सांगतात तेही खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याचं होतं, भरतीची लांबलचक प्रक्रिया आणि तिचा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला. खाजगी कंपनीने दोन आठवडे व्हिडिओ दाखवून ‘ट्रेनिंगचा खर्च तीन लाख’ लावला असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. मोठी रक्कम असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. इंदूरला हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वकिलांची वाण नाही.

आणि मूळ मार्कशीट किंवा डिग्री कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद त्याच दिवशी घरी आणा.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो, पण कंपनी मात्र ३० दिवसांत काढू शकते. हे कसं?

करारात तसं लिहिलेलं असतं आणि आपण सही करतो. सही करण्याआधी ‘दोन्ही बाजूंना सारखी मुदत द्या’ एवढं एक वाक्य मेलवर लिहून बघा. फ्रेशरचं ऐकणार नाहीत, अनुभवी माणसाचं कधीकधी ऐकतात.

एचआरने बोलावून सांगितलं, ‘राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेट करू.’ आता काय करायचं?

या उत्तरासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

आधी प्रसंग समजून घ्या. छोटी मीटिंग रूम. समोर दोघं जण, कधी तिसरा माणूस लॅपटॉपच्या पडद्यावर. फोन बाहेर ठेवायला सांगतात. आवाज अगदी मऊ. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, टर्मिनेशनचा शिक्का लागला तर पुढे कोणी घेणार नाही.’ पोर्टलवर राजीनाम्याचं पान उघडलेलंच असतं, कारण म्हणून ‘वैयक्तिक’ निवडायचं असतं, आणि मुदत असते त्याच संध्याकाळची. माझ्या ओळखीच्या एका मुलीने अशा खोलीतून बाहेर येऊन आईला फोन केला तेव्हा तिला एकही शब्द बोलता येत नव्हता. सात वर्षांची नोकरी, चांगले शेरे, आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलेलं.

कंपनीला राजीनामाच का हवा असतो? कारण राजीनामा म्हणजे तुम्ही स्वखुशीने गेलात. मग छाटणी केल्याचं कुठे दिसत नाही आणि छाटणीची भरपाई द्यावी लागत नाही. कायद्यात छाटणीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे; वर कौशल्य निधीसाठी आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने द्यायची आहे. त्या मऊ आवाजामागचा हिशेब हा असा आहे.

कंपनी म्हणेल, ‘हे कामगारांसाठी आहे, तुम्ही इंजिनिअर.’ तिथे गप्प बसू नका. संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक कामही येतं. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे वगळले आहेत, तसंच महिन्याला १८,००० पेक्षा जास्त वेतन घेणारे देखरेख करणारे. तुमच्या कार्डावर ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ छापलंय यापेक्षा तुम्ही दिवसभर प्रत्यक्ष काय करता याला वजन असतं. दिवसभर कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा, ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं सोडवणारा माणूस केवळ हुद्द्याच्या नावामुळे व्यवस्थापक होत नाही. पगार मोठा असेल तर वाद होतो हे खरं, म्हणून सल्ला घ्या.

त्या खोलीत काय करायचं: सही करू नका, पोर्टलवर बटण दाबू नका. ‘मला लेखी द्या, मी घरी विचार करून कळवते’ एवढंच म्हणा. रडू आलं तरी चालेल, सही नको. त्याच दिवशी एचआरला शांत भाषेत मेल करा: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी तशी इच्छा नाही, काम करायला मी तयार आहे. त्या मेलची प्रत स्वतःकडे राहू द्या. पगाराच्या स्लिपा, नेमणूक पत्र, अप्रेझलची पत्रं आधीपासून घरच्या ईमेलवर असू द्या. मात्र कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती स्वतःला पाठवू नका. तेवढ्या एका गोष्टीवरून कंपनी तुम्हालाच दोषी ठरवू शकते.

राजीनामा आधीच देऊन बसला असाल तरीही लगेच लिहा की तो दबावाखाली घेतला. जितका उशीर, तितकं प्रकरण कमजोर. नव्या संहितेत वाद नेण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, पण महिन्याभरातच हालचाल करा.

तक्रार कुठे करायची? भोपाळला जावं लागेल का?

नाही. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदूरलाच आहे. औद्योगिक न्यायालयही इथेच. राजवाड्यापासून रिक्षाने जाता येईल इतकं हे सगळं जवळ असून आपल्या आयटीतल्या मुलांना ते माहीत नसतं, कारण त्यांना वाटतं ‘श्रम विभाग’ म्हणजे गिरणी कामगारांचा. गिरणीवाल्यांनी ते कार्यालय झिजवलं म्हणून तर आज ते आहे.

थकलेल्या पगाराबद्दल एक नियम लक्षात ठेवा. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर, मग राजीनामा असो की काढलेलं असो, वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ ही कंपन्यांची जुनी सवय आहे. पीएफचं काही अडलं तर भविष्य निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) टाकून तक्रार नोंदवता येते.

कंपनी नफ्यात आहे, मग माणसं का काढते?

कारण तिला नफा टिकवायचा नसतो, वाढता दाखवायचा असतो. टीसीएसने २०२४-२५ मध्ये ४८ हजार कोटींहून जास्त निव्वळ नफा कमावला आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरची. त्याच सुमाराला बेंचचा, म्हणजे प्रोजेक्ट नसताना रिकामं बसण्याचा, नियमही कडक झाला: वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असं काम हवं, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. आता प्रोजेक्ट मिळवून आणणं हे कंपनीचं काम. ते आलं नाही तर त्याची शिक्षा कोडिंग करणाऱ्याला. भुर्दंड कोणाला, हे इथे शोधावंच लागत नाही.

बाहेर तर आणखी मोठे आकडे. फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं, आभासी जगावर अब्जावधी डॉलर ओतले, महामारीत धडाधड भरती केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार माणसं काढली आणि मार्च २०२३ मध्ये आणखी १० हजारांची घोषणा. मार्क झुकेरबर्ग यांनी चुकीची जबाबदारी आपली असल्याचं लिहिलं. पद मात्र त्यांचं तसंच राहिलं आणि नोकऱ्या इतरांच्या गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार जाहीर केले. एकाने काढले की दुसऱ्याला काढायला धीर येतो, आणि शेअर बाजार बहुतेक वेळा खूश होतो.

एआयमुळे नोकऱ्या जातायत हे खरं आहे की कंपन्यांचं निमित्त?

दोन्ही. साधं टेस्टिंग, ग्राहक सेवेची पहिली पायरी, ठरलेल्या साच्यातला कोड, हे काम आटतंय. सुपर कॉरिडॉर किंवा क्रिस्टल आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

पण कंपन्या आपल्या एआयचं जे कौतुक सांगतात त्यातलं बरंचसं मी निम्म्याने कमी करून ऐकते. हप्त्यांवर खरेदीची सोय देणाऱ्या स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये गाजावाजा केला की त्यांचा चॅटबॉट ७०० माणसांचं काम करतो. वर्षभराने त्यांच्याच सीईओंनी मान्य केलं की सेवेचा दर्जा घसरला, आणि माणसं पुन्हा घ्यायला सुरुवात झाली. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या किराणा दुकानांत ‘उचला आणि चालते व्हा’ अशी कॅशियरशिवायची व्यवस्था होती. एप्रिल २०२४ मध्ये तिथून ती काढायचं ठरलं, तेव्हा चर्चा झाली ती भारतात बसून व्हिडिओ तपासणाऱ्या सुमारे हजार माणसांची. कंपनी म्हणाली, ते फक्त यंत्राला शिकवायला आणि थोडेच व्यवहार तपासायला होते. काहीही असो, त्या जादूमागे आपल्याकडची माणसं काम करत होती आणि त्यांचं नाव जाहिरातीत नव्हतं. बिल्डर.एआय ही लंडनची कंपनी तर ‘एआय ॲप बनवून देईल’ म्हणत मायक्रोसॉफ्टचा पैसा मिळवून बसली होती. २०२५ मध्ये उत्पन्नाचे फुगवलेले आकडे बाहेर आले आणि ती दिवाळखोरीत गेली.

मुलांना माझं सांगणं: एआय शिका, नक्की शिका. पण ‘एआय कोर्स केला की नोकरी पक्की’ असं सांगणाऱ्या भंवरकुआच्या क्लासला लाखभर रुपये देण्याआधी, मागच्या बॅचमधल्या चार मुलांशी स्वतः बोला. क्लासने दिलेले नंबर नकोत, आपण शोधलेले.

भाऊ फूड डिलिव्हरी करतो. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. पार्टनर म्हणजे मालकीत वाटा का?

वाटा फक्त खर्चात. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाईल आणि डेटा त्याचा, पंक्चर त्याचं. छप्पन दुकानवर ऑर्डर तयार होईपर्यंत उन्हात उभं राहायचं, विजय नगरच्या सिग्नलवर घड्याळाकडे बघायचं, आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाने उशिराबद्दल एक तारा दिला तर त्याचा फटकाही त्यालाच. उद्या आयडी बंद झाला तर समोर माणूस नसतो, ॲपमधली चॅट असते, आणि ती ठरलेली वाक्यं पाठवते.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख लोक काम करत असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. इतक्या लोकांना कामगार न म्हणण्यासाठी एवढा गोड शब्द शोधला गेला, यातच सगळं आलं.

आता थोडं बदलतंय. सामाजिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदा कायद्यात या लोकांची दखल घेतली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, निधीत भरायचे आहेत. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. मध्य प्रदेशानेही तसा करावा, ही मागणी इंदूरहून जायला हवी, कारण रात्री दोन वाजता सराफ्यातलं खाणं घरपोच मागवणारं शहर आपलं आहे.

भावाने आज करायच्या गोष्टी: ई-श्रम पोर्टलवर आधार वापरून मोफत नोंदणी. रोजच्या कमाईचा स्क्रीनशॉट, कारण आयडी बंद झाला की हिशेबही दिसत नाही. अपघात विम्याची अट काय आहे ते वाचणं. लॉग-इन असतानाच लागू आहे की घरी परततानाही, हे आधीच कळलेलं बरं.

आणि आपल्यासाठी: घाई नसेल तर घाई करायला लावू नका. दार उघडायला पाच मिनिटं लावून वर उशिराची तक्रार टाकणारे लोक आपल्यातच आहेत.

मुलीच्या ऑनलाइन क्लासची वर्षाची फी एकदम भरू का?

नका भरू. बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट बोर्डाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मधल्या काळात शिक्षकांचे, सेल्सच्या मुलांचे पगार अडकले. तिनेच २०२० मध्ये विकत घेतलेल्या व्हाइटहॅट ज्युनिअरच्या पाच जाहिराती त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेच्या हरकतीनंतर मागे घ्याव्या लागल्या. सहावीतल्या पोराने कोडिंग शिकून कोट्यधीश व्हायचं, ही भीती आणि हाव दोन्ही आपल्यालाच विकली गेली होती.

‘बिनव्याजी हप्ते’ म्हणतात तेव्हा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज निघालेलं असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहू शकतो. कर्जाच्या कागदात ‘कूलिंग ऑफ’ मुदत बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जात ती द्यावी लागते आणि तेवढ्या दिवसांत दंड न भरता कर्ज परत करता येतं.

ॲपवर शेवटच्या पानावर बिल वाढतं, सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण सापडत नाही. हे कायदेशीर आहे?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली. शेवटी शुल्क वाढवणं, टोपलीत न विचारता वस्तू टाकणं, सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणं, हे सगळं त्यात आहे. स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ वर फोन करा. मराठीत नाही जमलं तर हिंदीत सांगा, रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका.

चांगला चालणारा कॉम्प्युटर आहे, पण विंडोज १० बंद झालं म्हणतात. नवा घ्यावाच लागेल?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. मशीन चालतंच, फक्त सुरक्षेचे अपडेट थांबतात. बँकेचं काम त्यावर करू नका. आजोबांना मराठी वाचायला, टाइप करायला हवं असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून द्या. फुकट आहे आणि देवनागरी उत्तम दिसते. जेल रोडवरचा दुकानदार नवा घ्या म्हणेल, आधी विचार करा.

आणि कुठल्याही फुकट सेवेवर लग्नाचे, बारशाचे फोटो एकाच जागी ठेवू नका. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, पिकासा २०१६ मध्ये, आपलं देशी ‘कू’ २०२४ मध्ये. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर हवी.

आयटीत युनियन चालते का? आपली मुलं त्यात पडली तर करिअर संपेल.

ही भीती मी समजते, पण ती कोणाच्या फायद्याची आहे ते बघा. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून सात जण मिळून नोंदणीचा अर्ज करू शकतात, संख्येची बाकी अट पूर्ण झाली की झालं. कर्नाटकात आयटीवाल्यांची केआयटीयू आहे, पुण्यात नाइट्स. म्हैसूरच्या मुलांची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेली ती संघटनेमुळे. एकट्या मुलाच्या मेलला तिथे कोणी उत्तर दिलं नसतं.

आणि इंदूरकरांनी तरी हे विचारू नये. मालवा मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल ही आज आपल्याला चौकांची नावं वाटतात. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी तीस वर्षं अडकली. दर आठवड्याला म्हातारी माणसं गेटपाशी जमत, हजेरी लावत, कोर्टाच्या तारखा मोजत. २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपये सुमारे ४,८०० कामगारांसाठी सुपूर्द झाले. कितीतरी जण तोवर गेले होते, पैसे विधवांच्या आणि मुलांच्या हाती आले. उशीर भयंकर होता. पण मिळाले ते एकत्र राहिल्यामुळे, आणि हजेरीचे, पगाराचे पिवळे पडलेले कागद घरात जपून ठेवल्यामुळे. त्याच घरांतली नातवंडं आज सुपर कॉरिडॉरवर लॅपटॉप घेऊन जातात.

तक्रार केली तर पुढच्या कंपनीला कळतं का? रिलीव्हिंग लेटर अडवलं तर?

पुढची कंपनी साधारणपणे तारखा, हुद्दा आणि जाण्याचं कारण तपासते. श्रम विभागात केलेली तक्रार त्या तपासणीचा भाग नसते. रिलीव्हिंग लेटर अडवलं तर आधी मेलवर मागा, पंधरा दिवसांत नाही मिळालं तर वकिलाकडून नोटीस पाठवा. बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात. तोवर नव्या कंपनीला राजीनामा स्वीकारल्याची मेल, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि पीएफच्या पासबुकाची प्रत द्या. पासबुकात जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख भरली गेली आहे का तेही बघा. नसेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती यूएएन पोर्टलवर स्वतःच भरता येते, कंपनीच्या पाया पडावं लागत नाही.